खणणे, खोदणे, खांदणे

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही भाषांतराचा पेपर शिकवतो. गेल्या सत्रातल्या चाचणीत आम्ही 'डिग' हे इंग्रजी क्रियापद दिले आणि मराठीत त्याला जे पर्याय सुचतील ते लिहून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करावा, असे सांगितले. पाच पर्याय, पाच गुण. प्रश्न काढताना तो सोपाच वाटला होता. इंग्रजीच्या धास्तीने मराठी विभागात आलेल्या मुलांना निदान एक शब्द ओळखीचा भेटावा, एवढाच हेतू. आम्ही म्हणजे एकाच विभागातले दोघे सहकारी. प्रश्न एकाने काढला, उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासल्या. पण पुढे जे झाले त्यात वाटणी करता येत नाही, म्हणून या लेखात सर्वनाम एकच राहील.

चुडाव्याहून रोज रेल्वेने येणाऱ्या एका मुलाने पाच शब्द लिहिले होते : खणणे, खोदणे, उकरणे, पोखरणे आणि खांदणे. शेवटच्या शब्दाचे वाक्य होते, 'आमच्या आजाने शेतात हीर खांदली.' आम्ही 'खांदली'भोवती लाल वर्तुळ काढले, 'हीर'च्या डोक्यावर 'वि' चढवला आणि समासात लिहिले : 'अशुद्ध. ग्रामीण रूप टाळावे.' पाचापैकी चार गुण. उत्तरपत्रिका पाहायला दिल्या तेव्हा तो विभागात आला. वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, हा शब्द चुकीचा आहे, का मराठीत नाही?"

आम्ही म्हणालो, "बोलीत असेल. प्रमाण भाषेत नाही."

"बरं सर," म्हणून तो गेला. तोवर वर्गात उतारा मोठ्याने वाचायचा असला की तोच उठत असे. त्या दिवसानंतर तो मागच्या बाकावर बसू लागला आणि वाचायला उठेनासा झाला.

त्याचा प्रश्न आमच्या मागे लागला तो याच कारणाने. चुकीचा असणे आणि भाषेत नसणे, या दोन गोष्टींत त्याने केलेला फरक आम्ही केला नव्हता. शब्द चुकीचा ठरवायचा तर त्या अर्थाने तो कोणी वापरत नाही, असे दाखवावे लागते. आणि तो भाषेत नाही असे म्हणायचे तर ती भाषा कोणाची, हे आधी सांगावे लागते. आम्ही दोन्ही केले नव्हते. कपाटात दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड होते. ते उघडण्याआधीच आमचा निकाल लागलेला होता. तेव्हा ज्या शब्दावरून हे झाले तो इंग्रजी शब्दच आधी नीट पाहावा, असे ठरवून आम्ही दोघे बसलो.

'डिग' हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी त्या कामाला 'डेल्व्ह' हे क्रियापद होते. इंग्लंडमध्ये १३८१ साली शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनासाठी एक यमकबद्ध वचन घेतले होते. आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता, असा त्या वचनाचा आशय. तिथे खणण्यासाठी आलेले क्रियापद 'डेल्व्ह' हेच आहे. पुढे कुदळी-फावड्याचे काम 'डिग'ने घेतले आणि 'डेल्व्ह' हळूहळू शेतातून ग्रंथालयात गेले. आज माणूस कागदपत्रांत, इतिहासात, एखाद्या विषयात 'डेल्व्ह' करतो, वाफ्यात क्वचितच. २०२४ च्या सुमारास तर यंत्राने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरात हे क्रियापद वाजवीपेक्षा फार येते, अशी चर्चा झाली. ज्या शब्दाने एकेकाळी घाम गाळला, तो आता ज्याला हातच नाहीत त्याच्या तोंडी आहे.

बाकीच्या शब्दांनीही आपापली कामे वाटून घेतली आहेत. 'एक्स्कॅव्हेट'मध्ये लॅटिनमधला पोकळीचा शब्द आहे. तिथे लक्ष मागे उरणाऱ्या खड्ड्याकडे असते. 'अनअर्थ'मध्ये लक्ष बाहेर येणाऱ्या वस्तूकडे. 'बरो' म्हणजे प्राण्याने बिळासाठी उकरणे, 'माइन' म्हणजे धातू किंवा कोळशासाठी खणणे. खुद्द 'डिग' मात्र कुठेही जातो. कोणाला बोचेल असे बोलणे म्हणजे 'डिग', म्हणजे आपला टोमणा. विसाव्या शतकातल्या जॅझ-संगीताच्या बोलीत 'डिग' म्हणजे एखादी गोष्ट मनापासून कळणे, भावणे. मातीतला शब्द रसिकतेच्या प्रांतात गेला आणि कोणी त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे सीमस हीनी आठवेल. त्याच्या १९६६ मधल्या पहिल्या प्रमुख संग्रहात 'डिगिंग' ही कविता आहे. बटाटे खणणारा बाप, दलदलीतले जळाऊ पीट कापणारा आजा आणि खिडकीशी लेखणी घेऊन बसलेला मुलगा. वर्गात ही कविता समजावून सांगताना आम्ही बापाविषयी, श्रमाविषयी, लेखणी आणि फावडे यांच्या नात्याविषयी भरपूर बोललो आहोत. आयरिश खेड्यातले पीट कापण्याचे शब्द इंग्रजी कवितेत कसे मानाने आले, हेही सांगितले आहे. त्याच वर्गात चुडाव्याच्या मुलाचा आजा हीर खांदताना आला, तेव्हा आम्ही त्याला दारातच थांबवले. हीनीचा आजा चालतो, आमच्या विद्यार्थ्याचा चालत नाही, याला भाषाशास्त्रात कारण सापडत नाही.

आता मराठीकडे. 'खणणे' हे संस्कृत 'खन्' धातूपासून आलेले. खाण, खनिज, खनन, उत्खनन ही सगळी त्याच घरची. गंमत अशी की 'खंदक' हा शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतून आला, पण तोही परका नव्हे. त्याच्या मुळाशी इराणी भाषांतला 'कन्', म्हणजे खणणे, हा धातू आहे. आणि तो आपल्या 'खन्'चा सख्खा चुलतभाऊ. दोन भाऊ हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले, एक संस्कृतातून आला, दुसरा किल्ल्यांच्या भिंतीला लागून आला, आणि मराठीत दोघांची पुन्हा गाठ पडली. ज्या 'कुदळी'ने खणायचे तिचा पूर्वज 'कुद्दाल' संस्कृतात आहे. पण तो तिथे द्राविड भाषांतून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. कन्नड-तेलुगूतली 'गुद्दली' शेजारी ठेवली की ते पटण्यासारखे वाटते. म्हणजे हत्यार एका कुळाचे, क्रिया दुसऱ्या कुळाची, आणि खड्डा सगळ्यांचा.

पर्यायी शब्द हे खरे तर कधीच एकमेकांचे पर्याय नसतात, हे आम्ही वर्गात सोस्यूरच्या नावाने शिकवतो. शब्दाचे मोल शेजारच्या शब्दांवरून ठरते. मग खणण्याच्या शब्दांचे शेजार पाहावे. 'खणणे' सर्वसाधारण आहे. विहीर खणतात, कंद खणतात, चर खणतात. 'खोदणे' म्हटले की समोरचा पदार्थ कठीण होतो. खडक खोदतात, शिलालेख खोदतात, भांड्यावर नाव खोदतात. 'कोरणे' त्याहून बारीक. हात जपून चालतो आणि डोळ्यासमोर आकृती असते, म्हणून लेणी कोरली जातात. 'उकरणे'ला हत्यार लागत नाही. नखे पुरतात, आणि माती मुळात सैल असते. जुनी भांडणे उकरून काढतात ती म्हणूनच, कारण ती कधी नीट पुरलेलीच नसतात. 'पोखरणे' आतून होते, वरून कळत नाही. घूस पोखरते, वाळवी पोखरते, लाचखोरी पोखरते. 'उपसणे' म्हणजे आत असलेले वर आणणे. पाणी उपसतात, गाळ उपसतात. 'खुरपणे'त माती हलते पण हेतू तणाचा असतो. माणसाला खोदून खोदून विचारतात, कधी त्याच्या खनपटीला बसतात. पण त्याला कोणी उपसत नाही.

आणि काही शब्दांत तर खणणे दिसतच नाही. आमच्या भागात विहीर 'पाडतात', बोअर 'घेतात'. खोदकामावर यारी लावून मुरूम, दगड वर काढतात, पण गावात विचारणारा विचारतो, "हीर कवा पाडली?" नदी आटली की वाळूत 'झिरा' करतात, म्हणजे हातभर खड्डा करून त्यात पाझरणाऱ्या पाण्याची वाट पाहत बसतात आणि वाटीने घागर भरतात. धान्य साठवायला जमिनीत 'पेव' असे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार वर्तमानपत्रे रोज वापरतात. शिकवण्यांचे पेव फुटले, बुवांचे पेव फुटले. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी पेव पाहिले असेल? जमीन गेली, कोठार गेले, वाक्प्रचार राहिला. त्याला मात्र 'ग्रामीण' म्हणून कोणी हटकत नाही, कारण तो संपादकाच्या टेबलावरून आलेला आहे.

एकच काम कोणी केले यावर शब्द ठरतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दायमाबादचे आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला तिथे झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भारतीय पुरातत्त्वातला तो एक अपूर्व ठेवा ठरला. त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे शास्त्रशुद्ध काम केले आणि सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतचे थर उजेडात आणले. त्या कामाला 'उत्खनन' म्हणतात आणि ते योग्यच आहे. थर, मोजमाप, नोंद यांवाचून नुसत्या वस्तूला इतिहास नसतो. पण भिल शेतकऱ्याने जे केले त्याला आपण काय म्हणतो? त्याला वस्तू 'सापडल्या'. जणू त्याने काही केलेच नव्हते, त्या आपोआप वर आल्या. पैठण, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांतही कुदळ गावातल्या मजुरांच्याच हाती होती. अहवालाच्या मुखपृष्ठावर कुदळीचे नाव येत नाही.

आणि तेच 'उत्खनन' तहसील कार्यालयात गेले की त्याचा वेष बदलतो. तिथे ते 'गौण खनिजाचे अवैध उत्खनन' होते आणि त्यावर दंड बसतो. गोदावरी-पूर्णेच्या पात्रातल्या रात्रीच्या कारभाराला वर्तमानपत्रे 'वाळू उपसा' म्हणतात. रोजगार हमीच्या हजेरीपटावर तेच 'मातीकाम' होते, अंदाजपत्रकात 'खोदकाम'. काम करणारा मात्र या चारही ठिकाणी घरी जाऊन एकच शब्द बोलतो, आणि तोच आम्ही खोडला होता.

इथवर आल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावले आणि विचारले, "या कामातले शब्द तुझ्या घरी कोणाला विचारता येतील का?" त्याने आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. मग म्हणाला, "आजी आहे सर. ती बाहत्तरच्या कामावर होती."

एका रविवारी आम्ही पूर्णेहून चुडाव्याला गेलो. पूर्णा जंक्शन सुटले की नांदेडच्या वाटेवर पुढचे स्थानक हेच. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरीच्या खोऱ्यातून टाकला गेला. खिडकीतून रुळांखालचा भराव पाहताना पहिल्यांदाच मनात आले की ही एवढी माती कोणीतरी कुठूनतरी खणून, टोपलीत भरून, डोक्यावरून इथे आणून टाकली असणार. इतकी वर्षे या मार्गाने जाणे-येणे केले. भराव हा जमिनीचाच भाग आहे, असे धरून चाललो होतो.

घर दोन खोल्यांचे, समोर ओसरी. आजींनी "या बाप्पा, बसा," म्हणून सतरंजी टाकली. नातवाचे सर आले म्हणून त्या आधी अवघडल्या. आम्ही विहिरीचे विचारले तेव्हा मोकळ्या झाल्या. त्यांच्या मालकांनी आणि दिरांनी मिळून ती हीर खांदली होती. वरची काळी माती, मग मुरूम, मग खडक. "मुरूम लागला तव्हा वाटलं झालं आता. पर खडकानं दोन साल खाल्ले." आम्ही वही काढली आणि आमच्या यादीतले शब्द एकेक करून विचारू लागलो. 'खणणे' म्हणता का? "म्हंतेत की. शाळेत म्हंतेत." उकरणे? त्या हसल्या. "कुत्रं उकरतं, घूस पोखरती, माणूस खांदतो, बाबा."

आम्ही विचारले, "खांदणंच का म्हणतात, आजी?"

"खांद्यानं करायचं म्हून खांदणं. हातानं थोडंच व्हतंय ते? खांदे भरून येतेत."

व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही, हे आम्हाला कळत होते. पण कुदळ कधी धरलीच नाही अशा माणसाला ही व्युत्पत्ती सुचलीही नसती, हेही कळत होते.

मग बाहत्तरचे निघाले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला, त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, तो १९७९ मध्ये अमलात आला, आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच विचारावर देशासाठी कायदा केला. हे आम्हाला पाठ आहे. स्पर्धापरीक्षेच्या मुलांना आम्ही ते सांगतोही. आजींना त्यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना लाल मिलो ठाऊक होती, सुकडी ठाऊक होती, मुकादम आणि हजेरी ठाऊक होती. गड्यांनी खांदायचे, बायांनी टोपल्या वाहायच्या. नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याची खडी. मोजमाप कसे करत, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "खड्ड्याच्या मधी मातीचा एक खांब तसाच ठिवायचा. त्याला हात लावायचा नाई. सायेब आला की त्याच्यावरून माप घ्यायचा. तो खांब पडला का मजुरी बुडाली."

हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. शंभर घनफुटांचा एक ब्रास. किती ब्रास निघाले हे कळायला मूळ जमीन किती उंच होती याचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे न खणलेला खांब. पुरातत्त्वाच्या उत्खननातही चौकोनी खड्ड्यांच्या मध्ये मातीच्या भिंती तशाच राखतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवलेली ही पद्धत, हेतू हाच की थरांचा क्रम शेवटपर्यंत तपासता यावा. व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यांची पद्धत पुस्तकांत आहे, आणि ते ठीकच. आजींचा खांब कोणत्या पुस्तकात आहे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

आम्ही आणखी शब्द विचारत होतो. खड्डा किती प्रकारचा, खोल असला तर काय म्हणतात, उथळ असला तर काय. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहत्तरला माझं तान्हं लेकरू गेलं. कामावरच व्हतो आमी. मालकानं अन् दिरानं तीन हात खांदलं. दिवस बुडाला तरी खांदीतच व्हते. मी म्हणलं, पुरे आता. तर म्हणले, नाई. उथळ खांदलं का कुत्री उकरतेत."

नातू ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही. आम्ही वही मिटली.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. 'उकरणे' आणि 'खांदणे' यांतला फरक आम्ही आमच्या यादीत हत्याराच्या आणि मातीच्या आधाराने नोंदला होता. तो बरोबर होता, पण तो कोणाला का लागतो, हे आम्हाला माहीत नव्हते. ज्या बाईने तो फरक तीन हात खोल जाताना पाहिला, तिच्या नातवाला आम्ही सांगितले होते की यातला एक शब्द शुद्ध आहे आणि दुसरा नाही.

आणि आता जे लिहायचे ते लिहायला अवघड आहे. आम्हा दोघांपैकी एकाचे वडील विहिरींच्या कामावर जात. घरात 'खांदणे' हाच शब्द होता. दुसरा आहे हे शाळेत कळले. एम.ए.ला असताना एका चर्चेत बोलता बोलता त्याच्या तोंडून 'खांदून काढले' असे गेले आणि वर्ग हसला. शिकवणारेही हसले, वाईट हेतूने नसेल. त्या दिवसापासून त्याने आपल्या बोलण्याची निंदणी सुरू केली. 'हीर' गेली, 'कामून' गेले, 'तव्हा' गेले. शेत इतके स्वच्छ झाले की वडील फोनवर बोलत तेव्हा त्यांना उत्तर देतानाही 'विहीर'च येऊ लागली. वडिलांनी कधी काही म्हटले नाही. फक्त पुढे पुढे ते मुलाशी बोलताना शब्द शोधू लागले, परक्याशी बोलताना शोधतात तसे. ते आज नाहीत. दुसऱ्याच्या घरी बोली कमी होती, म्हणून त्याला एवढे निंदावे लागले नाही. पण त्या वर्गात हसणाऱ्यांत तोही होता. आता तेवीस-चोवीस वर्षांनी लाल पेन आमच्या हाती आल्यावर आम्ही नेमके तेच केले, आणि करताना आम्हाला काही आठवलेही नाही.

प्रमाण भाषा नको, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे असते, आणि बहुधा ज्यांची मुले ती भाषा घरातच शिकतात तेच तसे म्हणतात. चुडाव्याच्या मुलाला उद्या अर्ज लिहायचा आहे, मुलाखत द्यायची आहे, कदाचित आमच्यासारखे शिकवायचेही आहे. 'खणणे' त्याला आलेच पाहिजे, आणि ते त्याला येत होते. त्याच्या यादीत ते पहिलेच होते. प्रश्न दुसरा शब्द ठेवू देण्याचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळण-कांडणाचे, शेणगोवऱ्यांचे शब्द घेऊन विठ्ठलापुढे गेली आणि सातशे वर्षे ते शब्द आपण डोक्यावर घेतले. याच भागातले इंद्रजित भालेराव यांनी 'पीकपाणी'मध्ये इथल्या शेताची बोली कवितेत आणली. ती आम्ही अभ्यासक्रमात शिकवतो. म्हणजे शब्द छापला गेला, त्यावर कवीचे नाव आले, की आम्ही तो 'बोलीचे सामर्थ्य' म्हणून फळ्यावर लिहितो. तोच शब्द विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आला की 'ग्रामीण रूप टाळावे'.

कोशकारांकडे आमच्याहून अधिक मोकळेपण होते. १९३२ ते १९३८ या वर्षांत दाते-कर्वे मंडळींनी शब्द गोळा केले तेव्हा शब्दापुढे कंसात वऱ्हाडी, खानदेशी, गोमंतकी, नागपुरी अशा प्रांतांच्या खुणा घातल्या. शब्द कुठला ते सांगितले. शब्द कमी आहे असे नाही. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथल्या उच्च शिक्षणाची आणि सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. इथल्या माणसाची मराठी कागदावर फारशी उतरत नव्हती. ती शेतात, जात्यावर, कामाच्या खड्ड्यात होती. ती तिथून कोणी काढून आणायची, याचे उत्तर इथल्या मराठी विभागांनी द्यायचे होते. आमच्या विभागाने लाल वर्तुळ दिले.

पुढच्या तासाला आम्ही तो प्रश्न पुन्हा फळ्यावर घेतला. पाच शब्द लिहिले, त्यात 'खांदणे' लिहिले, आणि आम्ही ते चुकून खोडले होते, असे वर्गाला सांगितले. मुले हसली नाहीत. काहीजणांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला. मागून एका मुलीने विचारले, "सर, आमच्याकडं भुईमुगाच्या शेंगा उकरत नाहीत, उपटतात, ते पण चालेल?" मग गंगाखेडकडची, वसमतकडची, पालमकडची मुले बोलू लागली. वसमतचा मुलगा हळद काढण्याचे सांगत होता. त्याच्याकडे त्या एका कामाला आमच्या यादीपेक्षा जास्त शब्द निघाले. तास संपल्याची घंटा झाली तरी फळा भरतच होता. चुडाव्याचा मुलगा तेवढे काही बोलला नाही. जाताना मात्र त्याने वहीचे एक पान फाडून टेबलावर ठेवले. आजीने नंतर आठवून सांगितलेले सात शब्द होते. त्यातला एक आम्हाला वाचता आला नाही. त्याला परत बोलावून विचारले तेव्हा त्याने तो सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला.

गुण बदलता आले नाहीत. ते आधीच पुढे गेले होते. पाचापैकी चार हेच राहिले. ती उत्तरपत्रिका आम्ही कपाटात शब्दकोशाच्या खंडांशेजारी ठेवली आहे, लाल वर्तुळासकट. ते वर्तुळ पुसावे असे आम्हाला वाटत नाही. किती जमीन होती आणि किती कापली गेली, हे मोजायला काहीतरी तसेच राहू द्यावे लागते.

पुढच्या सत्रात प्रश्न तोच विचारायचा, असे ठरले आहे. आदर्श उत्तराची यादी मात्र आम्ही या वेळी करून ठेवलेली नाही.